जुन्या वळणाचा डिजिटल कॅमेरा: घ्यावा की न घ्यावा?

जुन्या वळणाचा डिजिटल कॅमेरा बाहेरून फिल्मच्या काळातला दिसतो आणि आतून आजचा असतो. माथ्यावर कोरीव आकड्यांच्या धातूच्या डायली, मधोमध त्रिकोणी उंचवटा, अंगाला काळे दाणेदार आवरण आणि कडेला चंदेरी किंवा काळा धातू, असे त्याचे रूप. आत रोलच्या जागी सेन्सर, आरशाच्या जागी इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर आणि घड्याळी चक्रांच्या जागी प्रोसेसर. निकॉन झेडएफ, निकॉन झेडएफसी, फुजीफिल्मची एक्स१०० मालिका, फुजीफिल्म एक्स-टी५, ओएम सिस्टिम ओएम-३ ही त्याची आजची ठळक उदाहरणे.

असा कॅमेरा घ्यावा का, या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आलेले असतात. पहिला रूपाचा: कॅमेरा आवडतो का? दुसरा हाताळणीचा: डायलींनी काम करणे सोयीचे पडते का? तिसरा आतल्या यंत्राचा: सेन्सर, फोकस, स्थिरीकरण आणि बॅटरी आजच्या अपेक्षांना पुरतात का? बहुतेक चुकीच्या खरेद्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बाकीच्या दोघांवर लादल्यामुळे होतात. म्हणून तिन्ही प्रश्न सुटे करून तपासणे हा या निर्णयाचा खरा मार्ग आहे.

डायली गेल्या आणि परत आल्या

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांची मांडणी सारखीच होती. शटरचा वेग माथ्यावरच्या डायलीवर, अ‍ॅपर्चर लेन्सभोवतीच्या कड्यावर आणि फिल्मची संवेदनशीलता एका लहान खिडकीत. १९८२ सालचा निकॉन एफएम२ हा या घराण्यातला नामांकित कॅमेरा. त्याचे शटर पूर्णपणे यांत्रिक होते आणि १/४००० सेकंदापर्यंत चालत असे. बॅटरी लागायची ती फक्त प्रकाशमापकाला. ती संपली तरी फोटो काढता येत असे.

१९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला. त्याच्या शरीरातच ऑटोफोकसची मोटर होती आणि डायलींच्या जागी बटणे व छोटा एलसीडी पडदा होता. पुढच्याच वर्षी कॅननने टी९० आणला. जर्मन रचनाकार लुइजी कोलानी यांचा हात लागलेल्या या कॅमेऱ्याला गोलसर, हातात बसणारी मूठ होती आणि बोटाखाली एकच फिरते चाक होते. ते चाक ज्या वेळी जे काम द्यावे ते करी. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांची मांडणी याच दोन वाटांनी आली आहे. तिचा फायदा मोठा होता: डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हटवता आणि पकड न सोडता सगळे बदलता येऊ लागले.

डिजिटल युगात जुने रूप परत आणणारा पहिला महत्त्वाचा कॅमेरा २००४ सालचा एप्सन आर-डी१. तो पहिला डिजिटल रेंजफाइंडर. त्यात ६ मेगापिक्सेलचा सेन्सर होता, लायकाच्या एम माउंटच्या लेन्स बसत होत्या आणि प्रत्येक फोटोनंतर शटर चढवण्यासाठी खटका ओढावा लागत असे. बॅटरी किती उरली, आणखी किती फोटो निघतील, हे घड्याळासारखे काटे दाखवत. २००९ मध्ये ऑलिंपसने ई-पी१ काढला तो १९५९ च्या पेन कॅमेऱ्याला ५० वर्षे झाल्याच्या निमित्ताने.

या प्रकाराला खरी बाजारपेठ मिळवून दिली ती फुजीफिल्म एक्स१०० ने. सप्टेंबर २०१० मध्ये जाहीर झालेल्या या कॅमेऱ्यात एपीएस-सी आकाराचा १२ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि न निघणारी २३ मिमीची एफ/२ लेन्स होती. लेन्सवर अ‍ॅपर्चरचे कडे, माथ्यावर शटरची आणि एक्स्पोजर भरपाईची डायल, आणि एका खटक्याने काचेचा किंवा इलेक्ट्रॉनिक होणारा व्ह्यूफाइंडर अशी त्याची रचना. २०१३ मध्ये निकॉन डीएफ, २०२१ मध्ये झेडएफसी, २०२३ मध्ये झेडएफ आणि २०२४ मध्ये एक्स१०० चा सहावा अवतार एक्स१००-६ बाजारात आले. २०२५ मध्ये ओएम-३ आणि फुजीफिल्मचा छोटा एक्स हाफ यांची भर पडली.

डायल काय काम करते

फोटोत किती प्रकाश नोंदला जावा, हे तीन गोष्टींवर ठरते: शटर किती वेळ उघडे राहते, लेन्सचे अ‍ॅपर्चर किती मोठे आहे आणि आयएसओ किती ठेवला आहे. तिन्ही गोष्टी ‘स्टॉप’ या एकाच मापाने मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा. आयएसओ १०० असताना भर उन्हात एफ/१६ आणि १/१२५ सेकंद ही जुनी, भरवशाची जोडी. अ‍ॅपर्चर दोन स्टॉप उघडून एफ/८ केले आणि शटर दोन स्टॉप वेगवान करून १/५०० केले, तर प्रकाश तेवढाच राहतो. पण पार्श्वभूमी जास्त धूसर होते आणि हालचाल जास्त नेमकी थांबते.

हे गणित डायलींवर डोळ्यांना दिसते. एक डायल दोन खटके इकडे फिरवली की दुसरी दोन खटके तिकडे फिरवायची. कॅमेरा बंद असला तरी शटर आणि आयएसओचे आकडे माथ्यावर वाचता येतात, त्यामुळे पिशवीतून काढतानाच तो तयार करता येतो. शिकणाऱ्याला याचा सर्वांत मोठा लाभ होतो: तिन्ही गोष्टी एकाच चाकात आणि मेनूत दडलेल्या नसून तीन वेगळ्या जागी असतात, म्हणून त्यांचे नाते लवकर उमगते. फुजीफिल्मच्या एक्स-टी५ सारख्या कॅमेऱ्यांत हे नाते आणखी सोपे केले आहे. शटरच्या डायलीवर आणि अ‍ॅपर्चरच्या कड्यावर ‘ए’ ही खूण असते. दोन्ही ‘ए’ वर ठेवले की कॅमेरा सर्व ठरवतो. एक बाहेर काढले की तेवढी सूत्रे छायाचित्रकाराच्या हाती येतात. वेगळा ‘मोड’ निवडावाच लागत नाही.

परंतु डिजिटल कॅमेऱ्यातले काम फिल्मच्या कॅमेऱ्यासारखे राहिलेले नाही, आणि डायलींच्या मर्यादा तिथेच दिसतात. फिल्मवर आयएसओ हा ३६ फोटोंच्या रोलला एकदाच ठरत असे. आज तो दर फोटोला बदलतो आणि बहुतेक वेळा कॅमेऱ्यावरच सोपवला जातो. ऑटो आयएसओ वापरणाऱ्याला माथ्यावरची कोरीव आयएसओ डायल क्वचितच लागते. डायलीवरचे शटरचे आकडे पूर्ण स्टॉपचे असतात. एक-तृतीयांश स्टॉपने बदल हवा असेल तर झेडएफवर शटरची डायल ‘१/३ स्टेप’ या खुणेवर नेऊन पुन्हा आधुनिक चाकच फिरवावे लागते. निकॉनच्या झेड लेन्सवर आकडे कोरलेले अ‍ॅपर्चरचे कडे नसते, अगदी जुन्या रूपात काढलेल्या ४० मिमी एफ/२ लेन्सवरही नाही. म्हणून झेडएफ आणि झेडएफसी यांच्यावर अ‍ॅपर्चर सहसा पुढच्या चाकाने बदलावे लागते आणि त्याचा आकडा एका छोट्या खिडकीत दिसतो. म्हणजे जुन्या त्रिकुटापैकी दोनच गोष्टी हातात येतात. या बाबतीत फुजीफिल्मची रचना मूळ पद्धतीला जास्त प्रामाणिक आहे.

आणखी एक अडचण आठवणीतल्या सेटिंगची. लग्नसमारंभात, सभेत किंवा पक्ष्यांच्या मागे असताना दोन-तीन ठरलेल्या सेटिंगमध्ये झटपट उड्या माराव्या लागतात. आधुनिक मांडणीच्या निकॉन झेड६-३ वर यासाठी यू१, यू२, यू३ अशा जागा आहेत, झेडएफवर नाहीत. डायलीवर १/१२५ कोरलेले आहे आणि आठवणीत १/२००० साठवलेले आहे, अशी विसंगती यांत्रिक डायल सोडवू शकत नाही. ज्याचे काम अशा उड्यांवर चालते, त्याला डायल अडथळा ठरते.

रूपामुळे चित्र बदलते का

फोटोचा दर्जा सेन्सर, लेन्स आणि प्रोसेसर ठरवतात. कॅमेऱ्याच्या अंगावरचे आवरण, चंदेरी रंग किंवा उंचवटा यांचा त्यावर काही परिणाम होत नाही. झेडएफच्या माथ्यावरचा उंचवटा जुन्या एसएलआरमध्ये पंचकोनी प्रिझमसाठी असे. आता त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवला आहे. डीएफ मात्र खरा डीएसएलआर होता, त्यात आरसा आणि प्रिझम दोन्ही होते.

जुन्या फिल्मचे रंग मिळतात, ही या कॅमेऱ्यांविषयीची मोठी समजूत आहे. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अ‍ॅस्टिया, अ‍ॅक्रॉस अशा नावांची ‘फिल्म सिम्युलेशन’ असतात. १९९० मध्ये आलेली व्हेल्व्हिया ही स्लाइड फिल्म गडद हिरव्या-लाल रंगांसाठी निसर्गछायाचित्रकारांची आवडती होती, आणि ती बनवणारी कंपनीच हे सिम्युलेशन देते, म्हणून त्याला वजन आहे. तांत्रिक अंगाने पाहिले तर सिम्युलेशन म्हणजे जेपीईजी फाइल तयार करताना रंग आणि छटांवर लावलेली सूत्रे. रॉ फाइल जपली तर तोच फोटो नंतर दुसऱ्या सिम्युलेशनमध्येही काढता येतो. महत्त्वाचे म्हणजे ही सोय कॅमेऱ्याच्या जुन्या रूपाशी बांधलेली नाही; आधुनिक मांडणीच्या फुजीफिल्म एक्स-एच२ मध्येही ती आहे. रंगांसाठी कॅमेरा घ्यायचा असेल तर रंग तपासावेत. त्यासाठी डायली लागत नाहीत.

काही सोयी मात्र या कॅमेऱ्यांच्या स्वभावातून आल्या आहेत. झेडएफवर फोटो आणि व्हिडिओ यांच्यामधल्या खटक्यालाच तिसरी जागा आहे, कृष्णधवल चित्रांसाठी. ती निवडली की व्ह्यूफाइंडरमध्येही सगळे कृष्णधवल दिसते आणि प्रकाश, सावली व आकार यांच्यावरच नजर स्थिरावते. एक्स१०० मालिकेत लेन्सच्या आत बसणारे लीफ शटर असल्याने त्याचा आवाज अगदी क्षीण असतो. संगीताच्या मैफलीत, देवळाच्या गाभाऱ्याजवळ किंवा रस्त्यावर हा गुण मोलाचा ठरतो. लहान, साध्या दिसणाऱ्या कॅमेऱ्यासमोर माणसे कमी अवघडतात, हाही रस्त्यावर काम करणाऱ्या छायाचित्रकारांच्या पसंतीचा एक आधार आहे.

किमतीची कसोटी: भावंडाशेजारी ठेवून पाहणे

रूपासाठी किती पैसे मोजले जातात, हे ठरवण्याची एक नेमकी रीत आहे. जुन्या वळणाच्या बहुतेक कॅमेऱ्यांचे त्याच कंपनीत साध्या मांडणीचे एक भावंड असते आणि दोघांचे आतले यंत्र जवळजवळ सारखे असते. दोघांना शेजारी ठेवले की किमतीतला फरक रूपाची किंमत सांगतो आणि वैशिष्ट्यांतला फरक रूपापायी काय सोडावे लागते ते सांगतो. पुढच्या किमती अमेरिकेतल्या, बाजारात आल्या वेळच्या आणि लेन्सशिवायच्या आहेत.

निकॉन डीएफ २०१३ मध्ये सुमारे २,७५० डॉलरना आला. त्याच सुमारास आलेला निकॉन डी६१० सुमारे २,००० डॉलरचा होता. दोघांत फोकसचे ३९ बिंदू, दोघांत शटर १/४००० पर्यंत. डी६१० मध्ये २४ मेगापिक्सेल, व्हिडिओ आणि दोन कार्डांची सोय होती. डीएफमध्ये १६ मेगापिक्सेल, एकच कार्ड आणि व्हिडिओ अजिबात नाही. डीएफच्या बाजूने एक भक्कम गोष्ट होती: त्याचा सेन्सर सुमारे ६,००० डॉलरच्या डी४ मधला होता आणि कमी प्रकाशात तो उत्तम काम करी. तरीही रूपासाठी मोठा अधिभार पडत होता, हे आकडे स्पष्ट दाखवतात.

२०२१ मधला झेडएफसी सुमारे ९६० डॉलरचा, तर त्याचे भावंड झेड५० (२०१९) सुमारे ८६० डॉलरचे. सेन्सर दोघांत २०.९ मेगापिक्सेलचाच, वजनही जवळजवळ सारखे, ४५० ग्रॅमच्या आसपास. झेडएफसीमध्ये चारी बाजूंनी वळणारा पडदा मिळतो. झेड५० मध्ये खोल मूठ आणि अंगचा फ्लॅश मिळतो. इथे रूपाची किंमत थोडी आहे आणि बदल्यात काही सोयीही आहेत.

झेडएफ (२०२३) ने हे समीकरण पालटले. सुमारे २,००० डॉलर म्हणजे २०२० मध्ये झेड६-२ ज्या किमतीला आला तेवढीच किंमत. सेन्सर दोघांत २४.५ मेगापिक्सेलचा पूर्ण फ्रेमचा; पण झेडएफचा प्रोसेसर निकॉनच्या सर्वांत महागड्या झेड९ मधल्या पिढीचा, आणि हात हलल्याने येणारा धूसरपणा आठ स्टॉपपर्यंत आवरण्याची क्षमता. माणसे, प्राणी, पक्षी आणि वाहने ओळखून त्यांच्यावर फोकस धरण्यातही तो पुढे होता. २०२४ मध्ये आलेला झेड६-३ सुमारे २,५०० डॉलरचा; त्याचा सेन्सर जास्त जलद, व्ह्यूफाइंडर जास्त स्वच्छ आणि मूठ खोल. त्यामुळे खेळ, वन्यजीव आणि व्हिडिओ यांसाठी झेड६-३ सरस, आणि स्थिर चित्रांसाठी झेडएफ कमी पैशांत जवळजवळ तितकाच समर्थ.

फुजीफिल्ममध्ये तर जुने वळण स्वस्त पडते. एक्स-टी५ सुमारे १,७०० डॉलरचा आणि ५५७ ग्रॅमचा. एक्स-एच२ सुमारे २,००० डॉलरचा आणि ६६० ग्रॅमचा. सेन्सर दोघांत ४० मेगापिक्सेलचा. एक्स-एच२ मधले जादा पैसे मोठ्या व्ह्यूफाइंडरसाठी, जलद कार्डासाठी आणि ८के व्हिडिओसाठी जातात.

या जोड्यांवरून एवढे दिसते की रूपासाठी जादा पैसे पडतातच असे नाही. ते प्रत्येक मॉडेलचे वेगळे गणित आहे. मात्र जिथे मागणी पुरवठ्याच्या पुढे जाते तिथे अधिभार बाजार लावतो. २०२२ नंतर समाजमाध्यमांवरच्या छोट्या चित्रफितींमुळे एक्स१०० मालिकेतला एक्स१००व्ही इतका लोकप्रिय झाला की नवे नग मिळेनात आणि वापरलेले नग सुमारे १,४०० डॉलरच्या मूळ किमतीपेक्षा महाग विकले जाऊ लागले. लाटेच्या माथ्यावर दिलेला असा अधिभार परत मिळेल याची खात्री नसते, म्हणून जाहीर किमतीच्या वर जाऊन घेणे टाळलेलेच बरे.

पकड, वजन आणि लेन्स

जुन्या कॅमेऱ्यांना पुढे मूठ नव्हती, कारण त्यांच्यावर बहुधा लहान ५० मिमी लेन्स असे आणि एफएम२ चे स्वतःचे वजन ५४० ग्रॅम होते. झेडएफ बॅटरी-कार्डासह ७१० ग्रॅमचा आहे आणि त्याची मूठ नावापुरतीच आहे. २८ किंवा ४० मिमीच्या लहान लेन्सबरोबर तो सुखाचा वाटतो. पण ७०-२०० मिमी एफ/२.८ सारखी सव्वा किलोपेक्षा जड लेन्स लावली की सगळा भार बोटांच्या टोकांवर येतो. वेगळी मूठ जोडता येते. पण तिने वजन आणि खर्च वाढतो आणि ज्या रूपासाठी कॅमेरा घेतला तेही बदलते.

म्हणून कॅमेऱ्याआधी लेन्स ठरवाव्यात. लहान, ठरावीक अंतराच्या लेन्सवर काम करणाऱ्याला हे कॅमेरे शोभतात. लांब पल्ल्याच्या झूमवर काम करणाऱ्याला मुठीचा कॅमेरा जास्त साथ देतो. एक्स१०० मालिकेत तर लेन्स बदलताच येत नाही. पूर्ण फ्रेमच्या ३५ मिमीएवढा दृष्टिकोन कायम राहतो. प्रवास, घर, रस्ता आणि माणसे यांना तो पुरतो. पक्षी, क्रिकेट किंवा रंगमंच यांना पुरत नाही.

हालचालीच्या विषयांवर फोकसचा बिंदू हलवणारी जॉयस्टिक उपयोगी पडते. झेडएफवर ती नाही. पडद्याला स्पर्श करून किंवा मागच्या कळीने बिंदू हलवावा लागतो. विषय आपोआप ओळखणारा फोकस चांगला असल्याने रोजच्या कामात ही उणीव फारशी जाणवत नाही, पण गर्दीत धावणारा एकच खेळाडू धरायचा असेल तेव्हा जाणवते.

जुन्या लेन्सना नवे आयुष्य

ज्यांच्या घरी फिल्मच्या काळातल्या लेन्स पडून आहेत, त्यांच्यासाठी हे कॅमेरे विशेष अर्थपूर्ण आहेत. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा. त्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर ४६.५ मिमी होते. झेड माउंटमध्ये ते १६ मिमी आहे. मधल्या ३०.५ मिमीच्या जागेत अ‍ॅडॅप्टर बसतो आणि जुनी लेन्स अनंतापर्यंत फोकस होते. अशा बहुतेक लेन्सवर अ‍ॅपर्चरचे कडे असतेच, त्यामुळे झेडएफवर शटर, आयएसओ आणि अ‍ॅपर्चर हे मूळ त्रिकूट पूर्ण होते. हाताने फोकस करतानाही झेडएफ चेहरा व डोळा ओळखतो आणि तेवढा भाग मोठा करून दाखवतो. लेन्सची माहिती मेनूत भरली की स्थिरीकरणही चालते.

सेन्सरचा आकार इथे पाहावा लागतो. पूर्ण फ्रेमचा सेन्सर ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिमी असतो, म्हणून ५० मिमी लेन्स तिच्या मूळ दृष्टिकोनात दिसते. झेडएफसी किंवा एक्स-टी५ यांच्या लहान सेन्सरवर तीच लेन्स ७५ मिमीसारखी अरुंद चौकट देते. जुन्या लेन्ससाठीच कॅमेरा घ्यायचा असेल तर पूर्ण फ्रेमचा घ्यावा. ऑटोफोकस मिळणार नाही, हे गृहीत धरावे.

तो किती वर्षे टिकेल

जुन्या रूपाचा सर्वांत मोहक संकेत टिकाऊपणाचा असतो. आजोबांचा कॅमेरा नातवाच्या हाती अजून चालतो, तसाच हाही चालेल, असे धातूच्या डायली पाहून वाटते. ही अपेक्षा तपासून घ्यायला हवी. फिल्मच्या कॅमेऱ्यात चित्र टिपणारा पदार्थ दर रोलबरोबर नवा येत असे. कॅमेऱ्याचे काम प्रकाश अडवणे, ठरल्या वेळेपुरता सोडणे आणि फिल्म सपाट धरणे एवढेच होते. म्हणून फिल्म सुधारली की १५ वर्षांचा कॅमेराही सुधारे. डिजिटल कॅमेऱ्यात चित्र टिपणारा सेन्सर अंगातच पक्का बसवलेला असतो. तो ज्या वर्षाचा, त्याच वर्षाची चित्रक्षमता कॅमेऱ्याला कायमची मिळते.

दुरुस्तीतही असाच फरक आहे. यांत्रिक शटर कुशल कारागीर उघडून साफ करू शकतो, झिजलेला भाग घडवूही शकतो. सर्किट बोर्ड, सेन्सर आणि ठरावीक आकाराची बॅटरी यांसाठी कंपनीच्याच सुट्या भागांवर अवलंबून राहावे लागते, आणि मॉडेल बंद झाल्यावर ते भाग कधीतरी संपतात. पितळी डायली तेव्हाही गुळगुळीत फिरतील. त्यांच्या खालचे इलेक्ट्रॉनिक्स किती चालेल हा खरा प्रश्न असतो. टिकाऊपणाच्या दृष्टीने जुन्या वळणाचा डिजिटल कॅमेरा इतर डिजिटल कॅमेऱ्यांसारखाच आहे.

तरीही एका अर्थाने त्याचे आयुष्य वाढू शकते. डीएफमधला १६ मेगापिक्सेलचा सेन्सर आजही मोठ्या छपाईला पुरेसा फोटो देतो. गेल्या दशकात स्थिर चित्रांचा दर्जा हळूहळूच वाढला; वेगाने वाढले ते फोकस आणि व्हिडिओ. ज्याच्या कामात या दोन गोष्टी दुय्यम आहेत आणि जो रूपावरच्या मायेने कॅमेरा दरवर्षी बदलत नाही, त्याला तो इतरांपेक्षा जास्त वर्षे पुरतो.

आपल्याकडे घेताना

भारतात डिजिटल कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे; १ जानेवारी २०१९ पूर्वी तो २८ टक्के होता. मुंबईत फोर्ट भागातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची अनेक दुकाने एका ठिकाणी आहेत, त्यामुळे दोन भावंडे एकाच दिवशी हातात धरून पाहणे शक्य होते. कमी भावात मिळणारा बिनबिलाचा किंवा ग्रे मार्केटचा माल घेताना वाचलेले पैसे आणि गमावलेली वॉरंटी यांची तुलना करावी. अशा नगाला कंपनीचे भारतातले सेवा केंद्र वॉरंटीचे काम बहुधा नाकारते, आणि सेन्सरचा किंवा शटरचा एक खर्च सगळी बचत खाऊन टाकू शकतो.

पावसाळा हा इथला दुसरा विचार. आषाढी वारी, कोकणातला पाऊस, घाटातले धुके टिपायचे असेल तर पाण्यापासूनचे संरक्षण पाहावे. झेडएफ आणि ओएम-३ यांना ते आहे; ओएम-३ या बाबतीत विशेष भक्कम. एक्स१००-६ ला ते तेव्हाच पूर्ण मिळते, जेव्हा लेन्सपुढे वेगळी रिंग आणि फिल्टर लावला जातो. दमट हवेत लेन्सच्या काचांवर बुरशी धरते, आणि जुन्या लेन्सवर ती आधीच असू शकते. वापरलेली लेन्स घेताना ती उजेडासमोर धरून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात का ते पाहावे. कॅमेरा आणि लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रतेच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवाव्यात. ते नसेल तर हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवाव्यात आणि दाणे वेळोवेळी वाळवावेत.

जुन्या रूपाचे नाव घेऊन अत्यंत स्वस्तात विकले जाणारे खेळण्यासारखे कॅमेरेही बाजारात आहेत. त्यांचे सेन्सर लहान, लेन्स प्लॅस्टिकची आणि चित्र मोबाइलपेक्षा हलके असते. भेट किंवा गंमत म्हणून ते ठीक. छायाचित्रणाचे साधन म्हणून ते घेऊ नयेत. एक्स हाफ हा त्याहून चांगल्या दर्जाचा असला तरी तो फक्त जेपीईजी देतो, रॉ नाही. त्यामुळे नंतर बारकाईने रंग सुधारणाऱ्यांसाठी तोही मर्यादितच.

निर्णय

दुकानात कॅमेरा हातात आल्यावर तीन गोष्टी करून पाहाव्यात. त्याच कंपनीचे साध्या मांडणीचे भावंड मागून दोघांनी तोच फोटो काढावा. रोजच्या वापरातली सर्वांत जड लेन्स लावून थोडा वेळ डोळ्याशी धरावी. आणि ऑटो बंद करून फक्त डायलींनी एक्स्पोजर ठरवावे. या तिसऱ्या कामात मन रमले तर रूपापलीकडे काही हाती लागले, असे समजावे. लगेच ऑटोकडे हात गेला तर त्या डायली पुढेही शोभेपुरत्याच राहतील.

स्थिर चित्रे काढणारा, लहान लेन्स वापरणारा, एक्स्पोजर स्वतः ठरवू पाहणारा किंवा शिकणारा, आणि घरातल्या जुन्या लेन्स पुन्हा वापरू इच्छिणारा, अशा प्रत्येकासाठी जुन्या वळणाचा चांगला डिजिटल कॅमेरा घेण्याजोगा आहे. ज्या कॅमेऱ्याला हात लावावासा वाटतो तो जास्त वेळा सोबत नेला जातो, आणि सरावाने फोटो सुधारतात. म्हणून रूपाची आवडही खरेदीचे रास्त कारण ठरते, फक्त तिची किंमत भावंडाशी तुलना करून माहीत असावी. व्हिडिओ, खेळ, वन्यजीव, लग्नाचे व्यावसायिक काम किंवा जड झूम हे मुख्य काम असेल, तर त्याच पैशांत मुठीचा, साध्या मांडणीचा कॅमेरा घेणे शहाणपणाचे.